घर जुलैत पाहा, शाळाही जुलैत पाहा

वाचकांचे प्रश्न

कोकण किनाऱ्यावर मुलाबाळांसह राहायला जाऊ पाहणाऱ्यांची पत्रे या वेळी बरीच आली. बहुतेकांनी वादळ-पावसाबद्दल वेगळे विचारले आहे आणि शाळेबद्दल वेगळे. आम्ही दोन्ही एकत्रच घेतले आहे. जून ते सप्टेंबर मूल घरातून शाळेत आणि शाळेतून घरी कसे येणार, या एका गोष्टीवर दोन्ही प्रश्न अडतात.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको घरून काम करतो. मुलगी तिसरीत, मुलगा सातवीत. दापोली ते गुहागर या पट्ट्यात भाड्याचे घर पाहतो आहोत. निसर्ग वादळाच्या बातम्या आठवून घरची मोठी माणसे घाबरली आहेत. कोणता तालुका त्यातल्या त्यात सुरक्षित?
(एक वाचक, पुणे)

तालुक्यावरून काही ठरत नाही, गावातल्या जागेवरून ठरते. एकाच गावात पुळणीवरच्या, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरच्या, घराचे छप्पर उडते, खाडीकाठच्या घरात पाणी शिरते, डोंगरउतारावरच्या घरामागची माती खाली येते आणि मधल्या वाडीतल्या घराची चार कौले सरकण्यापलीकडे काही होत नाही.

आधी वादळाचे. निसर्ग ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला रायगड किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. हवामान खात्याच्या वर्गवारीत ताशी ६२ ते ८८ किलोमीटरला चक्रीवादळ, ८९ ते ११७ ला तीव्र आणि ११८ ते १६६ ला अतितीव्र म्हणतात. त्यावरही दोन पायऱ्या आहेत. म्हणजे निसर्ग काही वरच्या पायरीवरचे वादळ नव्हते. तरीही श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. तौक्ते तर कोकणात आदळलेही नाही. मे २०२१ च्या मध्यावर ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात शिरले, पण वाटेत हापूसचा हंगाम झोडपून गेले. नोव्हेंबर २००९ चे फयान विसरू नका, ते दिवाळीनंतर आले होते. अरबी समुद्रातली वादळे मे-जूनमध्ये, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये ती क्वचितच होतात, कारण मान्सूनमध्ये वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांची दिशा आणि वेग इतका वेगळा असतो की वादळाचा खांब उभाच राहत नाही. ते दोन महिने पुराचे आणि दरडीचे.

आता जागा.

पुळणीवरचे घर दिसायला सर्वांत सुंदर आणि राखायला सर्वांत कठीण. वादळात समुद्राची पातळी फुगते आणि त्याच वेळी भरती असली तर पाणी आगरात शिरते. समोर धूपप्रतिबंधक बंधारा घातलेला असेल तर निर्धास्त होऊ नका. जिथे किनारा खचतो आहे तिथेच बंधारा घालतात आणि बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांशी वाळू आणखी जोरात जाते. टोकाजवळचे घर नको. लाटा फुटतात तिथले तुषार वाऱ्याने आत येतात, त्यामुळे लोखंड, एसीची तांब्याची नळी, फ्रीजच्या मागची जाळी, पंख्याच्या पात्यांचे स्क्रू हे सगळे शहरातल्यापेक्षा कितीतरी लवकर जाते. पहिल्या काही शे मीटरमध्ये खार सर्वांत जास्त असते. एखादी टेकडी किंवा माडांची दाट रांग मध्ये असली तर मोठा फरक पडतो.

खाडीकाठची आणि मळ्यातली घरे. इथे एकटा पाऊस किंवा एकटी भरती फारसे बिघडवत नाही, दोन्ही एका वेळी आले की पाणी चढते. नदीचे पाणी खाली उतरायचे असते आणि खाडीचे वर येत असते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा वाशिष्ठीच्या पाणलोटातला प्रचंड पाऊस आणि भरती यांची गाठ पडली होती. चिपळूण समुद्रापासून किती आत आहे हे नकाशावर पाहा, म्हणजे ‘आम्ही किनाऱ्यापासून लांब आहोत’ या समजुतीत किती तथ्य आहे ते कळेल. पाटबंधारे खात्याने आखलेल्या दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गावाला रेषा आखलेली असेल तर नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत नकाशा पाहायला मिळतो. नसेल तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘२००५ सालचं पाणी कुठवर आलं होतं?’ बोट दाखवतील तिथे खडूने खूण करा आणि तुमच्या जोत्याशी ताडून पाहा. मोबाइलवर दिसणाऱ्या उंचीवर विसंबू नका. त्यात कित्येक मीटरची चूक असू शकते आणि पुराचा सगळा खेळ एका मीटरचा असतो.

डोंगरउतार. तळिये २२ जुलै २०२१ ला दरडीखाली गेले, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. दरडप्रवण गावांची यादी तहसील कार्यालयात असते, ती जरूर पाहा. पण इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती, हेही लक्षात ठेवा. घरामागे रस्त्यासाठी किंवा दुसऱ्या घरासाठी उतार सरळ उभा कापला आहे का? वरच्या अंगाला जमिनीत चंद्रकोरीसारखी भेग आहे का? झाडे किंवा विजेचे खांब एकाच बाजूला कलले आहेत का? जिथे कधी पाणी नव्हते तिथे गढूळ झरा फुटला, किंवा दारे-खिडक्या अचानक अडकू लागल्या, तर त्याच दिवशी बाहेर पडायचे. पाहणीला कुणी येईल म्हणून थांबायचे नाही.

सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, पाणी साचत नाही आणि दरड येत नाही, पण वाऱ्याला अडवायलाही काही नसते. विजाही तिथेच जास्त पडतात. आणि मार्च संपला की पाणी नसते. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलुखात एप्रिलमध्ये टँकर येतो हे नव्या माणसाला पटत नाही. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, एवढेच कारण.

या चारही जागांऐवजी आमची निवड विचाराल तर गावाच्या मधल्या वाडीतले, खाडीच्या सर्वांत मोठ्या उधाणाच्या खुणेपेक्षा दोन पुरुष उंच, मागे कापलेला उतार नसलेले घर. तिथून समुद्र दिसत नाही, म्हणून जाहिरातीत ते सापडत नाही. विचारूनच शोधावे लागते.

जाऊन पाहायचे तर जुलैच्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, भरतीच्या वेळी. वेळेचा हिशोब किनाऱ्यावरचे लोक तोंडी करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि पुढची सुमारे साडेबारा तासांनी. अर्धा-एक तास इकडेतिकडे धरा, खाडीत जितके आत जाल तितका उशीर. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढते, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला सर्वांत जास्त. त्या तासाला घराच्या ओट्यावर उभे राहून पाणी कुठे आहे ते पाहा, मग तिथून शाळेपर्यंत चालत जा. डिसेंबरात जाणार असाल तर भिंती बघा. सगळे घर जुन्या रंगाचे आणि खालचे तीन फूट तेवढे नव्या रंगाचे दिसले, तर मालकाला कारण विचारा.

प्रश्न : घर पाहताना छप्पर कसे तपासायचे? मालक म्हणतात, ‘वादळानंतर नवे पत्रे घातलेत.’
(एक वाचक, ठाणे)

नवे पत्रे ही चांगली गोष्ट, पण पत्रा सहसा फाटून जात नाही, धरून ठेवणारे सुटतात म्हणून जातो. वारा छपरावर दाबतो त्यापेक्षा जास्त त्याला वर उचलतो, आणि ही ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वांत जास्त असते. म्हणून पाहायचे ते कडेला. पन्हळीच्या उंचवट्यावर हुकबोल्ट आहेत की नुसते स्क्रू? वळचणीला आणि कोपऱ्यात ते दाट आहेत की मधल्या भागाइतकेच विरळ? वॉशर सुकून तडकलेत का? मग आत येऊन वर पाहा. पत्रा लोखंडी पाइपला घट्ट आहे, पण पाइप भिंतीला कशाने बांधला आहे? बहुतेक ठिकाणी चिऱ्याच्या शेवटच्या थरावर तो नुसता टेकवून दोन फावडी सिमेंट टाकलेले असते. अशा घराचा पत्रा सांगाड्यासकट उचलला जातो. पाइप खालच्या काँक्रीटच्या बेल्टमधल्या सळईला बांधलेला हवा.

कौलारू घरात वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्यावरचे कोने चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवलेले असले की निम्मे काम झाले. कौलारू घराचा एक फायदा असा की कौले उडाली तरी वासे राहतात आणि गावातच दुसऱ्या दिवशी शाकारणी होते. पडवीचे छप्पर मुख्य छपराचाच पुढे आलेला भाग असेल तर मात्र पडवी उचलताना घरालाही घेऊन जाते. वेगळे असलेले बरे.

स्लॅबच्या घरात हातोडीच्या दांड्याने छत ठोकत जा. पोकळ आवाज आला किंवा सळईच्या रेषेत तपकिरी डाग आणि चिरा दिसल्या, तर आतली सळई गंजून फुगली आहे. समुद्रालगतच्या काँक्रीटला भारतीय मानकानुसार किमान एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे, अगदी तुषार येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. गावाकडच्या जुन्या स्लॅबमध्ये ते क्वचित सापडते. पुळणीची वाळू वापरली असेल तर मीठ आतच आहे, वरून कितीही प्लास्टर करा.

घराजवळचा माड घरापासून स्वतःच्या उंचीइतका तरी लांब हवा. नसेल तर भाडेकरार करण्याआधी मालकाशी बोला. माड तोडायला कुणी सहज तयार होत नाही, आणि त्यांचेही चूक नाही.

विजेचे थोडक्यात. एका १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, राउटर, तीन दिवे आणि एक लॅपटॉप मिळून दीडशे वॉट धरले, तर सात-आठ तास निघतात. विजेच्या रोजच्या जाण्या-येण्याला हे पुरते. निसर्गसारख्या खंडात इन्व्हर्टर उपयोगाचा नाही. मोबाइलचा मनोराही बॅटरी संपली की बंद पडतो. घरून काम करणाऱ्यांनी आठवडाभरासाठी घाटावर कुठे जाता येईल ते आधीच ठरवून ठेवावे. आणि विहिरीवर पंप असला तरी रहाट काढू नका.

प्रश्न : मुले सध्या सीबीएसईत आहेत. तिकडे राज्य मंडळाची शाळा जवळ आहे. शाळा बदलायची वेळ आणि कागदपत्रे यांचे काय?
(एक वाचक, नवी मुंबई)

सीबीएसईहून राज्य मंडळाकडे जाताना वेळ तुमच्या बाजूने असते. सीबीएसईचे वर्ष मार्चमध्ये संपते, राज्य मंडळाची शाळा जूनच्या मध्यावर उघडते. उलटे जायचे असेल तर अडचण आहे. सीबीएसईचे नवे वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होते आणि राज्य मंडळाच्या शाळेचा निकाल १ मेच्या सुमारास लागतो, त्यामुळे मूल पहिला महिना चुकवूनच जाते. त्या शाळेला आधीच सांगून प्रवेश धरून ठेवायला लावा.

सामान मात्र जूनच्या तोंडावर हलवू नका. आमचा सल्ला, एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात. निसर्ग जूनच्या पहिल्या आठवड्यात आले होते आणि तौक्ते मेच्या मध्यावर. टेम्पोत भिजलेली पुस्तके कोकणात सप्टेंबरपर्यंत वाळत नाहीत. शिवाय मे महिनाभर घरात राहिलात की विहिरीचे खरे पाणी कळते आणि पावसाआधी कौले चाळून घेता येतात.

शाळा सोडल्याचा दाखला घेताना तिथल्या तिथे चार गोष्टी ताडून पाहा : नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, आईचे नाव आणि आधारवरची नोंद. एक अक्षर चुकले तरी पुढे दहावीच्या अर्जात ते उगवते, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी जुन्या शाळेच्या फेऱ्या माराव्या लागतात. दाखल्यावर किंवा निकालपत्रावर मुलाचा कायम शिक्षण क्रमांक, म्हणजे पेन, लिहून घ्या. यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, जुन्या शाळेने मुलाला मुक्त केल्याशिवाय नव्या शाळेला त्याला आपल्या पटावर घेता येत नाही. हे काम जुन्या शाळेचे कारकून करतात आणि मेच्या सुटीत ते भेटत नाहीत. त्यामुळे दाखला हातात पडला त्याच दिवशी ‘ऑनलाइन सोडलंत का?’ एवढे विचारून घ्या. परराज्यातून येणाऱ्यांनी दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी आणावी.

दाखला अडला तर घाबरू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळेला आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश दाखल्याला उशीर झाला म्हणून थांबवता येत नाही. प्रवेश घ्या, दाखला मागून द्या. विनाअनुदानित शाळेत प्रवेश घेताना हा आधार मिळत नाही.

प्रश्न : कोकणात दहावीचा निकाल सर्वांत जास्त लागतो असे वाचतो. मग कुठलीही शाळा चालेल ना?
(एक वाचक, सोलापूर)

दहावी-बारावीत कोकण विभाग वर्षानुवर्षे पहिला असतो हे खरे. पण कोकण विभागीय मंडळात फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात आणि विद्यार्थी थोडे असतात. रायगड मुंबई विभागात मोडतो. आणि उत्तीर्णांच्या टक्क्यावरून तुमच्या मुलाच्या वर्गात विज्ञानाला शिक्षक आहे की नाही ते समजत नाही.

कोकणात शाळेची इमारत, बाक, संगणक ठीक असतात. अडचण माणसांची असते. जिल्हा परिषदेच्या शाळांत बाहेरच्या जिल्ह्यांतले अनेक शिक्षक नेमले जातात, आंतरजिल्हा बदली मिळाली की जातात आणि पद रिकामे राहते. त्यातच पट घसरलेला, त्यामुळे पहिली ते चौथीला मिळून दोन शिक्षक. याला लगेच नाक मुरडू नका. बारा मुलांच्या शाळेत चांगली शिक्षिका असली तर तिसरीतल्या मुलीला शहरात कधी मिळणार नाही इतके लक्ष मिळते. पण ती शिक्षिका पुढच्या मेमध्ये तिथे असेल का, हा प्रश्न मुख्याध्यापकांना सरळ विचारा. मंजूर पदे किती, भरलेली किती, कुणाचा बदलीचा अर्ज आहे का? लहान गावात हे कुणी लपवत नाही.

सहावीपासून पुढचे निकष वेगळे. गणित, विज्ञान आणि इंग्रजीला तीन वेगळी माणसे आहेत का ते पाहा. प्रयोगशाळेचे कुलूप उघडायला लावा. उपकरणांवर धूळ आहे की बुरशी, यावरून पावसाळ्यात ती खोली उघडली जाते की नाही ते समजते. इंग्रजी माध्यमाची शाळा हवी असेल तर ती बहुधा तालुक्याच्या गावी आणि तिथवर व्हॅनने जायचे. मग घर शाळेच्या गावातच घ्या. समुद्र रविवारी पाहायला जाता येतो, शाळेला आठवड्यातले सहा दिवस जावे लागते.

अकरावीचा विचार आत्ताच करा. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. तालुक्यात विज्ञान शाखेच्या किती तुकड्या आहेत ते पाहून ठेवा. मुलगा आज सातवीत असला तर चार वर्षे म्हणजे फार नाहीत.

प्रश्न : रेड अलर्टच्या दिवशी शाळा बंद असतातच. मग काळजी कसली?
(एक वाचक, नाशिक)

काळजी रेड अलर्ट नसलेल्या दिवसाची. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस. कोकणात जुलैमध्ये पासष्ट मिलिमीटर म्हणजे साधा दिवस, कुणी छत्रीही नीट उघडत नाही. पण तोच पासष्ट एका तासात पडला आणि वर भरती असली, तर शाळेच्या वाटेवरचा वहाळ, म्हणजे ओढा, साकवाच्या म्हणजे छोट्या पायपुलाच्या वरून वाहू लागतो. तेव्हा सुटी जाहीर झालेली नसते आणि मूल शाळेत असते. सुटीचा आदेश जिल्हाधिकारी काढतात. तो कधी आदल्या रात्री येतो, कधी सकाळी मूल निघाल्यावर.

म्हणून घर ते शाळा ही वाट एकदा पायी चाला आणि पाणी कुठे कुठे ओलांडावे लागते ते मोजा. पूल किती, साकव किती, रस्त्यावरून पाणी जाऊ देणारी मोरी किती. एकही ओलांडावे न लागणारी साधी शाळा, तीन ओलांडावे लागणाऱ्या नामांकित शाळेपेक्षा आम्ही वरची धरू. खाडीपलीकडची शाळा तर नकोच. दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीने अंतर निम्मे होते, पण खराब हवामानात ती बंद राहते आणि मग तेच अंतर चिपळूणवरून वळसा घालून जायचे.

शाळेला तीन गोष्टी विचारा. पाणी चढले तर मुलांना घरी सोडता की थांबवून ठेवता? योग्य उत्तर ‘थांबवून ठेवतो’. ‘लवकर सोडतो’ म्हणणाऱ्या शाळेतली मुले नेमकी पाणी सर्वांत जास्त असताना वाटेवर असतात. थांबवलेल्या मुलांना खायला आणि निजायला काय आहे? व्हॅनचा चालक पाणी पाहून परत फिरतो का? फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगते, अर्ध्या फुटात मोठ्या माणसाचा पाय सुटतो. गावातल्या शाळेजवळच्या एका घराशी आधीच बोलून ठेवा, की पाऊस अडला तर मूल तुमच्याकडे राहील. कोकणात याला कुणी नाही म्हणत नाही. पण विचारायला हवे.

फोनमध्ये हवामान खात्याचे ‘मौसम’, विजांसाठी ‘दामिनी’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. मौसममध्ये जिल्ह्याचा रंग पाहण्यापेक्षा पुढच्या तीन तासांचा अंदाज पाहायची सवय लावा, शाळा सुटायच्या वेळी तोच कामी येतो.

आणखी एक. गढूळ पाण्यातून मुलांना अनवाणी चालू देऊ नका. पायाला जखम असली तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पावसाळ्यात ताप, अंगदुखी आणि डोळे लाल झाले तर घरचे काढे न करता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे गेलात की सर्पदंशाची लस साठ्यात आहे का तेही विचारून घ्या. फुरसे पायवाटेकडेच्या दगडाखाली असते, गमबूट आणि बॅटरी ही शाळेच्या दप्तराइतकीच गरजेची खरेदी आहे.

प्रश्न : मोठी मुलगी पाचवीत जाईल, धाकटी पहिलीत आहे. मोठीला नवोदय विद्यालयाचा ग्रामीण कोटा मिळेल का?
(एक वाचक, कल्याण)

ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवीत. पाचवीत गावी गेल्याने हा हक्क मिळत नाही. त्या जिल्ह्याची रहिवासी आणि त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकणारी म्हणून ती सहावीच्या प्रवेशपरीक्षेला बसू शकते, पण कमीत कमी पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात, हे धरून चला. तुमची धाकटी मुलगी पहिलीत आहे म्हणता. तिच्यासाठी मात्र वेळ अगदी योग्य आहे.

प्रश्न : मुलगा यंदा नववी पास होईल. दहावीला नव्या शाळेत घातले तर?
(एक वाचक, कोल्हापूर)

नका घालू. सीबीएसईत नोंदणी नववीतच होते आणि दहावीला शाळा बदलायला मंडळाची मंजुरी लागते. राज्य मंडळातही मंडळ बदलून आलेल्याला पात्रतेचे कागद करावे लागतात. एक वर्ष एका पालकाने मागे थांबावे, किंवा सगळ्यांनीच थांबावे. अकरावीला नाहीतरी नवे कॉलेज, तेव्हा बदला.

प्रश्न : दोन वर्षे भाड्याने राहून मग घर बांधायचा विचार आहे. जागा, पाणी, विमा यांत काय चुकते?
(एक वाचक, मुंबई)

दोन वर्षे भाड्याने, हा तुमचा निर्णयच सर्वांत शहाणा आहे. दोन पावसाळे आणि दोन मे महिने हातात येतात.

जागेत चुकते ते समुद्रापासूनचे अंतर. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा नव्या बांधकामाला सर्वसाधारणपणे वर्ज्य आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट वस्ती असेल तिथे, मंजूर आराखडा असल्यास, तो पट्टा ५० मीटरचा. मोजायचे ते लाटेच्या आजच्या कडेपासून नाही, नकाशावरच्या भरतीरेषेपासून. ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ हे वाक्य इथे पुरेसे नाही. आणि सातबारा शेतजमिनीचा असेल तर तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. नसेल तर बिनशेती भूखंडच पाहा.

पाण्यात चुकते ती तपासणीची वेळ. ऑक्टोबरात प्रत्येक विहीर गोड असते. नमुना घ्यायचा तो मेअखेर, अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या भरतीनंतर, पंप तासभर चालवून. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरे पाणी नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतात, त्यापुढे पिण्याला नाही. पंप चालवता चालवता आकडा चढत गेला तर विहीर खाडीचे पाणी ओढते आहे. तिथे कूपनलिका आणखी खोल नेली तर आणखी खारे लागेल.

विम्याला ‘भारत गृह रक्षा’ ही सर्व जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे मिळणारी एकसारखी पॉलिसी आहे, १ एप्रिल २०२१ पासूनची. वादळ, पूर आणि दरड तिन्ही त्यात येतात. इमारतीबरोबर घरातले सामानही घेतले तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाख, यादी न देता धरले जातात. भाडेकरूने नुसत्या सामानाची घ्यावी. गाडीच्या विम्यात इंजिनचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. गाडी पाण्यात उभी होती तर ती सुरू करून बघू नका, सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किल्लीला हात न लावता ओढून गॅरेजला न्या. सुरू करून पाहिलेली गाडी साध्या पॉलिसीत बहुधा नाकारली जाते.